शेवटचा काय म्हणतो

मासळीच्या कारखान्यात अण्णा आणि मी, आम्ही दोघंच कॉम्प्युटरवर. अण्णा प्रोग्राम लिहिताना त्यातूनच कॉम्प्युटरच्या तयार कमांड बोलवायचे. एकीनं काढलेली माहिती दुसरीच्या हातात. "तयार हाय ते परत कशाला लिवायचं रं?" म्हणत सुपारी कातरायचे. मला तो आळस वाटायचा.

एकदा पहिलीच कमांड फसली. शेवटची मात्र हाती काही न येताही नीट चालली, आणि प्रोग्राम तिचंच ऐकायचा; म्हणून त्यानं 'सगळं ठीक' सांगितलं आणि पाळीवरच्या कामगारांची यादी कोरी छापली. यादीत कुणाचंच नाव नाही म्हणून वॉचमननं अख्खी पाळी फाटकाबाहेर अडवली. अण्णा अनवाणीच धावले.

"यादी चुकलीया, माणसं न्हाईत! सोड त्यास्नी!"

त्यानंतर कुणी 'सगळं ठीक' म्हटलं, की अण्णांचा अडकित्ता थांबायचा.

"शेवटचा सांगतोय, का पयल्याला इचारलंस?"