आंडेर म्हणजे अंडं नव्हे

“अंडं? यात अंडं कुठे दिसतंय रे तुला, बाबा?”

साहेबांनी असं विचारलं आणि त्यांच्यामागे उभे असलेले विद्यार्थी हसले.

समोर चाकाच्या खुर्चीत माझे वडील बसले होते. भादरलेल्या डोक्यावर केस अर्धेच उगवलेले. उजवा हात मांडीवर, कुणी ठेवून विसरून गेल्यासारखा. आबा गवंडी होते. भडगावला एका शाळेचं बांधकाम चालू असताना परांची तुटली आणि ते डोक्यावर पडले. धुळ्याच्या इस्पितळात आणल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्या दिवशी पहिला फुटला. त्यावर हे हसू.

साहेब पुण्याचे डॉक्टर. मेंदूला मार लागलेली माणसं कितपत सावरतात आणि कशानं सावरतात, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यासाठी ते अधूनमधून धुळ्याला येत. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. रुग्णाला चित्र दाखवायचं, त्यानं नाव सांगायचं. बरीच नावं आली तर त्याला रोज बोलण्याचा सराव, हातापायांचा व्यायाम, शिकवायला बाई. नावं आली नाहीत तर घरी. म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्याला बोलायला शिकवायचं नाही, कारण त्याला बोलता येत नाही. एवढा विचार करायला त्यांना परदेशात जाऊन शिकावं लागलं होतं.

पहिलं कार्ड फ्रिजचं. आबा गप्प. आमच्या गल्लीत फ्रिज कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या कार्डावर बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. भर वैशाखात, खानदेशात. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मग आलं दोन वेण्या घातलेल्या, दप्तर घेतलेल्या मुलीचं चित्र. आबांनी चित्र बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे. ओठ हलले.

“आंडेर,” ते म्हणाले.

आमच्या अहिराणीत मुलीला आंडेर म्हणतात. लेक. मायनं माझा दंड घट्ट धरला. “तुना बाप बोलना वं!” ती म्हणाली आणि रडायला लागली. आणि साहेब अंडं शोधत होते.

मी म्हणाले, “साहेब, आंडेर म्हणजे मुलगी. त्यांनी बरोबर सांगितलं.”

“मुलगी म्हणजे मुलगी,” साहेब म्हणाले. “अंडेर म्हणजे काही नाही.”

“आमच्याकडे म्हणतात.”

“तुमच्याकडे काहीही म्हणतील. चाचणी प्रमाण आहे.” मग विद्यार्थ्यांकडे वळून ते म्हणाले, “लक्षात घ्या. हा नुसता आवाज आहे, शब्द नव्हे.” आणि पुन्हा माझ्याकडे वळले. “तू तर चांगलं बोलतेस. शिकलेली दिसतेस. मग बापाला का नाही शिकवलंस?”

मी त्या वर्षी मराठी विषय घेऊन बी. ए. होत होते. भाषेच्या पेपरात बोलींवर एक प्रश्न हमखास यायचा. बोली म्हणजे भाषेचं वैभव, असं लिहिलं की गुण मिळत. त्या वैभवाला इथे शून्य मिळालं होतं.

माय मला हलवून विचारत होती, “ह्या लोके काबर हासतस?”

का हसतात, हे तिला काय सांगणार?

नंतर व्हरांड्यात त्या विद्यार्थ्यांपैकी एक माझ्याजवळ आला. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, “ताई, कोनतं गाव शे तुमनं?”

म्हणजे हा आमच्यातलाच. याची आई याच्या बहिणीला आंडेरच म्हणत असणार. आणि मघाशी हसणाऱ्यांत हाही होता. साहेबांना निदान ठाऊक नव्हतं. याला ठाऊक होतं.

“तुम्ही काय म्हणालात ते मला समजलं नाही,” मी शुद्ध मराठीत म्हणाले. तो निघून गेला.

आबा चाचणीत नापास झाले. तरी साहेब म्हणाले, “पुढच्या आठवड्यात बाहेरगावचे डॉक्टर येणार आहेत. तोवर याला राहू द्या.” मायला वाटलं, मोठे डॉक्टर तपासणार, मग आबांना सराव सुरू होणार. ते यायच्या दिवशी तिनं आबांचं धोतर धुतलं, उगवलेल्या अर्ध्या केसांना तेल लावून भांग पाडला.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आबांना पुढे नेऊन माणसांकडे तोंड करून बसवलं. साहेब इंग्रजीत बोलले. मला इंग्रजी वाचता येत होतं, ऐकून फारसं समजत नसे, पण ‘निरुपयोगी’ला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत होतं. मग मराठीत ते आबांना म्हणाले, “हं, बोल रे बाबा. काहीतरी बोल. परवा काय ते अंडं म्हणालास ना?”

आबांनी समोरच्या गर्दीकडे बघितलं. मग स्वतःच्या मांडीकडे. जीभ जड होती, तरी शब्द एकेक करून आले.

“मना... हात... कोठे शे?”

साहेबांनी पाहुण्यांकडे हात पसरला. “पाहा. आवाज आहेत, अर्थ नाही.”

ते वाक्य समजायला खानदेशात जन्मावं लागत नाही. कान लागतो. त्या हॉलमधल्या कितीतरी जणांच्या गळ्यात ऐकण्याचं यंत्र लटकत होतं.

मी मागच्या खुर्चीवरून उठले. “ते विचारताहेत, माझा हात कुठे आहे,” मी म्हणाले. “मांडीवर पडलाय तो त्यांना आपला वाटत नाही. तुमचं संशोधन यावरच आहे ना, साहेब? मग सांगा त्यांना.”

“बाई, खाली बसा. इथे शास्त्राचं काम चाललंय. ही गावची जत्रा नाही.”

“जत्राच आहे. आम्ही निघतो.”

मी खुर्ची ढकलत बाहेर आणली. कुणी अडवलं नाही. अडवण्याइतकीही आमची किंमत नव्हती.

सराव गेला, व्यायाम गेला. एस. टी. नं आम्ही भडगावला परतलो. मी आबांच्या डाव्या हातात एकेक वस्तू द्यायची. थापी, वीट, ओळंबा, पाण्याचा तांब्या. “हाई काय शे, आबा?” ते चिडायचे, वस्तू फेकायचे. मी उचलून पुन्हा द्यायची. उजव्या हाताला तेल चोळताना मी म्हणायची, “हाऊ तुमना हात शे.” हळूहळू शब्द यायला लागले. आबा शेळीला शिव्या द्यायला लागले. एक दिवस भाजीत मीठ नाही म्हणून ते मायशी भांडले, तर मायनं गल्लीत पेढे वाटले.

हात मात्र आला नाही. आबांनी पुन्हा थापी धरली नाही. वेळेवर व्यायाम मिळाला असता तर आला असता का, मला माहीत नाही. ते माहीत करून घेणं ज्यांचं काम होतं ते बर्फाचा माणूस दाखवत होते.

गेल्या पौषात आबा गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेब जळगावला व्याख्यान द्यायला आले. मी आता जळगावच्या शाळेत शिकवते. मी गेले. साहेबांचे केस पांढरे झाले होते, आवाज अधिक मऊ. रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलावं, हा माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाचा निष्कर्ष आहे, असं ते म्हणाले. उदाहरण दिलं ‘अंडेर’चं. उच्चार अजून चुकीचाच. लोक कौतुकानं हसले. तेच हसू, फक्त आता त्याला प्रेम म्हणत होते.

व्याख्यान संपल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं नाही.

“तुम्ही इकडच्याच का? फार गोड हो तुमची भाषा,” ते म्हणाले. “मला थोडे शब्द लिहून द्याल? कामाला येतील.”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून मी पुन्हा म्हणाले, “नाही.”

शब्द मी देणार आहे. पण ज्यांचं माणूस खाटेवर पडलंय त्यांना. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि मी धुळ्याच्या त्याच इस्पितळात आहे. वॉर्डात नवापूरकडचा एक मजूर आला आहे, ट्रकनं उडवलेला. त्याच्यासमोर कार्डं धरतात, तो काहीतरी बोलतो, आणि डॉक्टर मान हलवतात. तो भिलांची बोली बोलतो. ती मला येत नाही. त्याच्या बायकोला येते. तिला काल मी विचारलं, तो काय म्हणतो? ती दबक्या आवाजात म्हणाली, “पोरं जेवली का, विचारतो.”

डॉक्टरांची फेरी सुरू झाली की नातेवाइकांना बाहेर काढतात. उद्या सकाळी फेरी आहे. त्या बाईला मी खाटेजवळ स्टुलावर बसवणार आहे. तो जे बोलेल ते ती मोठ्यानं सांगेल. शिपाई बाहेर व्हा म्हणेल, सिस्टर म्हणेल, मग साहेब लोक म्हणतील.

ती उठणार नाही. मी तिच्या शेजारी बसणार आहे आणि मीही उठणार नाही.