तोंडाला पदर

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. पत्रकांतून गावभर ओरडले – पण हे नाही.

निपाणीत आमच्या घरी पोराला वारा घालायलाही हाताला पत्रकच यायचं. वडील कामगारांची पत्रकं लिहायचे, पुढे मी लिहू लागले. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला उभ्याउभ्या कळलं पाहिजे – लिहिण्याचा हा एकच नियम मला ठाऊक. त्यामुळे माझी मैत्रीण सुजाता चित्रकला शिकून आली आणि म्हणाली, ‘मी चित्र काढणारच न्हाय, नुसती खोली मांडणार,’ तेव्हा आमचं जोरात वाजलं. समजावून सांगावी लागते ती कला कुणासाठी, मी विचारलं.

‘आणि तुझी पत्रकं कोण वाचतंय गं? बाया भाकरी बांधून नेत्यात त्यात,’ ती हसत म्हणाली.

लागलं मला. किती लागलं हे तेव्हा कळलं नाही, असं म्हणू का? कळलं होतं.

बेळगावात, कॅम्पातल्या एका जुन्या हॉलमध्ये तिनं खोली मांडली. खिडक्या बंद, जमिनीवर तंबाखूची धूळ, मधोमध रिकामी चाळण, वर पिवळा दिवा. बस्स. शहरातली माणसं खोकत बाहेर यायची, खांदे उडवायची. एका दुपारी तिची आई, काशाक्का, वखारीतल्या सोबतिणींना घेऊन आली. सुजाता फाटकापाशी पाहुण्यांत अडकलेली. बायांबरोबर आत गेले ती मी.

उंबऱ्यावर काशाक्का थांबली. तिचा हात आपोआप वर गेला. पदर नाकातोंडावरून घेऊन तिनं मागं घट्ट बांधला – वखारीत शिरताना बांधतात, तसा. मागोमाग सगळ्यांनी बांधला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मग ती चाळणीपाशी बसली, रोजच्या जागेवर बसावी तशी, आणि पदराआडून म्हणाली, ‘व्हय. उजेड असाच असतोय.’

माझं एकही पत्रक त्या बायांपर्यंत असं पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं – कष्टांची थट्टा, पोट भरलेल्यांची कला, वगैरे. त्यात एक वाक्य होतं : ‘हे पाहून वखारीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला.’ आधी ‘बांधला’ लिहिलं होतं. ते खोडून मी ‘लावला’ केलं. एवढंच. बाईनं तोंडाला पदर लावला म्हणजे ती हसली – अशा पत्रकात दुसरं काय वाचणार?

सुजातानं वाचलं. ‘आई मला तर झ्याक केलंस म्हणाली,’ ती हळूच बोलली.

‘आई हाय. म्हणणारच,’ मी म्हणाले.

तिनं पुन्हा खोली मांडली नाही. संकेश्वरच्या शाळेत ती आता पोरांना आंबा आणि कलश काढायला शिकवते. काशाक्का यंदा छातीच्या दुखण्यानं गेली. मातीला सुजाता माझ्याशेजारी उभी होती.

‘माझं काम आईला कधी कळलंच न्हाय बघ,’ ती म्हणाली.

मी ओढणी तोंडाला लावली. लोकांना वाटलं, रडते आहे. मी तोंड बंद ठेवत होते.