उघड्या झाकणाचा पियानो

बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये जुन्या फर्निचरच्या दुकानात मी कपाट बघायला गेलो होतो. कोपऱ्यात एक जुना पियानो होता आणि त्याच्यासमोर इच्छापूरकडची एक साठीची बाई उभी होती. केळीच्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली. ती एक पट्टी दाबायची, आवाज पुरता विरेपर्यंत थांबायची, मगच पुढची दाबायची. दुकानदार तिच्या मागोमाग फडक्याने पट्ट्या पुसत होता.

"पुसू नका भाऊ," ती म्हणाली. "चीक वाळलेला आहे. माझ्या हातावरून निघत नाही, तुमच्या पियानोला कुठून लागंल?"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "नातीसाठी घेता का, काकू? की हॉलमध्ये शोभेला? वर फोटो मस्त दिसतात."

"फोटोला भिंत आहे. हा मी वाजवणार."

"येतो का वाजवता?"

"नाही येत. म्हणून तर घेते."

आमच्याकडे बायका घरच्यांसाठी सगळं घेतात. 'माझ्यासाठी' म्हणून एवढी मोठी वस्तू घेणारी मी पहिलीच पाहिली.

केळी वाहायच्या पिकअपमध्ये वाळलेल्या पानांवर पियानो चढवला. दुकानदाराला राहवलं नाही. "गाव हसेल, काकू."

ती मागेच, पियानोला धरून बसली. "हसू दे ना. मला शिकायला टाइम लागंल. तवर बेसूर त्यांनाच ऐकायचं आहे."

गाडी निघाली. चाक खड्ड्यात गेलं की आतल्या तारा घुमायच्या आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची. तिने झाकण उघडंच ठेवलं होतं.