हेदरमधला चेंडू

इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या त्या जुन्या गोल्फ कोर्सवर ऐंशीच्या दशकात आम्ही दोघंच मराठी. दुसरे एक भूलतज्ज्ञ, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. प्रत्येक फटक्याआधी स्वतःशीच "सावकाश, सावकाश" म्हणायचे. हेदरची झुडपं जांभळी फुलली की खेळ थांबवून बघत राहायचे.

क्लबच्या फायनलला त्यांची बॅग मी घेतली होती. शेवटच्या होलपर्यंत बरोबरी होती. हेदरमध्ये शिरलेल्या चेंडूमागे त्यांनी गोल्फची काठी टेकवली आणि एकदम हात वर केला.

"चेंडू हलला. दंड म्हणून माझा एक फटका वाढवा."

"अहो, कुणीच पाहिलं नाही," मी कुजबुजलो.

"मी पाहिलं की!"

त्या एका फटक्यानं ते हरले. क्लबहाउसमध्ये एका वयस्कर मेंबरनं मला विचारलं, "हे तुमचे कोण?"

ते माझे कुणीच नव्हते.

"काका," मी ताठ मानेनं सांगितलं.