विझवलेली बत्ती

गाडी शेडपुढे लागली की मिस्त्री बोनेटकडे बघायचासुद्धा नाही. थेट मागे जायचा, उकिडवा बसायचा, सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरायचा आणि मग तो हात नाकाजवळ न्यायचा. आपण भाजी लागली की काय म्हणून पातेलं हुंगतो ना, तसं. "गाडी मागून बोलते, मावशी," म्हणायचा. मी भिंतीच्या अलीकडून विचारायची, "मग, काय म्हणून राहिली?" तर म्हणे, "थांबा जी, विमान जाऊ द्या." बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरांची विमानं आमच्या डोक्यावर घिरट्या घालतात. ती गेल्याशिवाय तो इंजिनाला कान लावायचा नाही.

कामठा रोडला आमच्या भिंतीला लागूनच त्याचं टिनाचं शेड. बडबड्या माणूस, माझ्यासारखाच! इकडे माझे तांदूळ निवडून व्हायचे, तिकडे त्याचे नट कसून व्हायचे, आणि मधे भिंतीवरून बोलणं चालूच. चौथी शिकलेल्या बाईला गाडीच्या पोटातलं थोडंफार समजायला लागलं ते असं.

मागच्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर माझ्या नातीची व्हॅन त्याच्याकडे आली. आत स्टिअरिंगमागे इंजिनाची पिवळी बत्ती लागली होती. चालवणारा मालकच, गोंदियाचा, मिस्त्रीचा लहानपणापासूनचा दोस्त. रोज शेडपुढून जाताना दोनदा हॉर्न वाजवणार म्हणजे वाजवणार.

मिस्त्रीनं हात हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "सडलेलं अंडं." मग बिघाडाचा नंबर सांगणारं मशीन लावलं. मशीनवर चारशे वीस नंबर आला, तर व्हॅनवाला म्हणतो, "ये तो तेरा नंबर है बे!"

मिस्त्री हसला नाही. मला म्हणाला, "पाहा मावशी, सायलेन्सरच्या आधी एक डबा राहते. त्यात जाळी. धुरातलं जहर ते जाळी मारते. डब्याच्या पुढं एक सेन्सर, मागं एक. पुढचा नाचते, मागचा शांत बसला पाहिजे. इथं दोघंही संगच नाचून राहिले. म्हणजे मधातली जाळी मेली."

"काऊन मेली?"

"हे विचारलं बरोबर. प्लग नीट जळत नव्हता. कच्चं पेट्रोल जाऊन जाऊन जाळी भाजली. नुसता डबा बदलून होत नाही. आधी मारणारा पकडा लागते."

व्हॅनवाल्यानं हात जोडले. "डॉक्टर साहब, पोस्टमार्टम बाद में. बस बत्ती बुझा दे. स्कूल खुल रही है."

"नवा डबा लागन रे."

"मेरी किडनी निकाल ले फिर! सब लोग डब्बा खाली करवाते हैं यार. तू ही एक महात्मा पैदा हुआ."

नाही नाही म्हणता मिस्त्री दोस्तीपुढे वाकला. डबा कापला, जाळी ठोकून बाहेर काढली, रिकामा डबा परत वेल्ड केला. मागच्या सेन्सरखाली एक तुकडा बसवून त्याला धुरापासून लांब केलं, म्हणजे त्या बिचाऱ्याला काही कळायलाच नको. बत्ती विझली. जाळीचे तुकडे मधाच्या पोळ्यासारखे पडले होते. नातीनं एक उचलला, तर मिस्त्री खेकसला, "फेक ते!" पोरीवर तो कधी ओरडला नव्हता. त्या संध्याकाळी भिंतीपाशीही आला नाही.

थंडी पडली तशा व्हॅनच्या काचा बंद झाल्या. नात घरी यायची ती डोकं धरून. उलटी करायची. सुनेनं दूध बंद केलं. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या. रविवारी मात्र पोरगी टुणटुणीत! आम्हाला वाटलं, शाळा नको आहे हिला.

हे मी सहज मिस्त्रीला सांगितलं. त्याच्या हातातला पाना थांबला.

"कुठं बसते जी ते?"

"मागच्या सीटवर. मैत्रिणीजवळ."

"तिलेबी होते का असं?"

"तिचंही डोकं दुखते म्हणे."



सकाळी व्हॅन आली तर हा रस्त्याच्या मधात उभा. "पोरं उतरव."

"हट ना बे, देर हो रही."

"उतरव म्हटलं ना!"

पोरं उतरली. मिस्त्री व्हॅनखाली गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा तोंड राखेसारखं झालेलं. त्यानंच मारलेलं वेल्डिंग उकललं होतं. आणि बरोबर त्याच्यावर, मागच्या सीटखाली, पत्र्याला गंजून भोक पडलं होतं.

आयाबाप जमले. पाईप फुटला, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. कोण खाली वाकून बघणार होतं, तुम्हीच सांगा. पण तो म्हणाला, "पाईप तर फुटलाच. पण जाळी असती तर जहर कमी आलं असतं. जाळी मी काढली. बत्तीबी मीच विझवली."

एका बापानं त्याची कॉलर धरली. व्हॅनवाला लांब उभा राहून म्हणाला, "मैं तो ड्राइवर आदमी. मुझे क्या समझता इसमें." मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं.

नातीला दवाखान्यात नेलं. बरी आहे आता पोरगी. व्हॅनला दुसरीकडून नवा डबा बसवला, असं व्हॅनवाला सांगतो. मिस्त्रीकडे मात्र गाड्या यायच्या थांबल्या. चूक केली म्हणून की बोलून दाखवली म्हणून, हे मला अजून उमगलेलं नाही. सुनेनं मला भिंतीपाशी बसायची बंदी केली. मी बसायची तरी.

शेड बंद करून तो सौंदडला बहिणीकडे निघाला, तेव्हा भेटायला आला.

"तिथं गाड्या करशील?"

"नाही जी. धानाच्या गिरणीत मोटारी पाहीन."

मला राहवलं नाही. "अरे, व्हॅन तर रोज तुझ्यापुढून जायची. तुला वास कसा नाही आला?"

"वासाचं काय घेऊन बसल्या मावशी. अंड्याचा वास तर नुसता हाक मारते. जे जीव घेते ना, त्याले वासच नसते." आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

यंदाही थंडी पडली आहे. सकाळी व्हॅन येते. आत कुठलीच बत्ती लागलेली नसते, आणि मला त्या न लागलेल्या बत्तीचीच भीती वाटते. मी नातीला टोपी घालते, मफलर गुंडाळते आणि खिडकीपाशी बसवते. बाकीच्या आयाही तेच करतात. कोणी कोणाला सांगितलेलं नाही. एवढ्या गारठ्यात सगळ्या काचा खाली, पोरांचे कान बांधलेले, अशी ती व्हॅन बंद शेडपुढून जाते. तिथे आली की व्हॅनवाल्याचा हात हॉर्नवर जातो. वाजत मात्र नाही.