अंगठाबाईंच्या खिडकीवर धाकटी

"पण पाच वेळा बोटं घ्यायची काय गरज होती?" धाकटी म्हणाली. "मागं पन्नास माणसं उभी, अक्का. चोर पकडल्यासारखं."

"तुझ्या हाताला क्रीम होतं." अक्का आईच्या चादरीच्या घड्या घालत होती. "परक्या माणसाची दहाही बोटं घ्यायची, फोटो काढायचा. नियम आहे."

"मी परकी?"

"ते तुझ्या पासपोर्टला विचार."

"आधी जेवून घ्या गं," आई पलंगावरून म्हणाली. भांडण वाढलं की आईला भूक लागते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

अक्का एकवीस वर्षं सीमेवरच्या नाक्यावर खिडकीत बसते आहे. आधी नुसते शिक्के मारायची. काचेचं यंत्र आणि कॅमेरा आल्यापासून सगळे तिला अंगठाबाई म्हणतात. उजवी चार बोटं, डावी चार, मग दोन्ही अंगठे. चष्मा, टोपी काढून फोटो. दगड फोडणाऱ्यांच्या, भांडी घासणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात; यंत्र लाल दिवा दाखवतं. मग अक्का ओला रुमाल पुढे करते, एकेक बोट धरून हलकेच दाबते, भाषा कळो न कळो, "दमानं" म्हणते. ठसा उमटतो. तिचा स्वतःचा अंगठा मात्र हजेरीच्या यंत्रात रोज तीनदा नापास. आठ वर्षं आईचं धुणं हातानं धुतल्यावर दुसरं काय होणार? "बाई, तुम्ही परदेशी रांगेत उभ्या राहा," शिपाई रोज म्हणतो, आणि ती रोज हसते.

आठ वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली, तेव्हा धाकटी फोनवर म्हणाली होती, "दोन वर्षं सांभाळ. मग मी कायमची येते, पुढचं माझ्याकडे." या आठ वर्षांत मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रातून अक्काला तीनदा बोलावणं आलं, नव्या पोरापोरींना काम शिकवायला. तीनदा तिनं नकार कळवला. चौथं पत्र आठवडाभर पर्समध्ये होतं. धाकटी मंगळवारी येतेय, तिच्याशी बोलून काय ते कळवू, असं तिच्या मनात होतं.

मंगळवार अक्काच्या सुट्टीचा. पण आपण नाक्यावर असलो तर धाकटीला रांगेतून लवकर काढता येईल, म्हणून तिनं घरी न सांगता सुट्टी बदलून घेतली. डबा पिशवीत लपवून निघाली. बाजारात जाते म्हणाली. सकाळभर तिचा एक डोळा आपल्या नागरिकांच्या रांगेवर होता. "पुढे या," म्हणत तिनं मान वर केली, तर तिच्याच, परदेशी रांगेच्या काचेपलीकडे धाकटी. हातात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट, तीन वर्षांपूर्वी काढलेला.

"तू आज इथे कशी?" धाकटी म्हणाली. "आई तर म्हणाली, मंगळवारी तू सुट्टीवर..." आणि तिनं जीभ चावली.

अक्कानं बोटं ठेवायला सांगितली. तर्जनीवर सुरीचा जुना वण होता. त्या दिवशी ते बोट आपल्या शाळेच्या रुमालात बांधून अक्काच तिला दवाखान्यात घेऊन पळाली होती. ठसे लख्ख आले, पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला. तरी अक्का म्हणाली, "परत ठेवा."

"सांगणार होते गं," धाकटी आता घरी म्हणत होती. "तो पासपोर्ट घेतल्याशिवाय तिथली नोकरी पक्की होत नव्हती."

"म्हणजे परत यायचं नव्हतंच."

धाकटी बांगडी फिरवत राहिली.

"आणि आईला सांगितलंस."

"मीच म्हटलं, अक्काच्या कानावर घालू नकोस," आई म्हणाली. "तू हात वर केले असतेस, तर मी कुठे गेले असते?"

अक्काच्या हातातली घडी तशीच राहिली. "आठ वर्षांत एकदा तरी केले का हात वर?"

आईनं उजव्या हातानं पांघरूण वर ओढलं. अक्काचा नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. पंधरा मिनिटांत त्यानं पान उलटलं नव्हतं.

"तुम्हालाही माहीत होतं?"

"आईंनी शपथ घातली होती," तो पेपरामागून म्हणाला. "आता झालं ते झालं. घरातल्या घरात कशाला ताणायचं?"

"दिवसाला तीनशे अनोळखी तोंडं तपासते मी," अक्का म्हणाली. "घरातली तीन राहिली."

तिनं चादर कपाटात ठेवली, पर्समधून पत्र काढलं, सही केली आणि घडी घालून पाकिटात घातलं. आवाज तिचा खिडकीवरचाच होता.

"प्रशिक्षण केंद्राला हो कळवतेय. सोमवारी रुजू व्हायचंय, राहायला खोली तेच देतात. धाकटे, तुझ्या पासपोर्टवर मी तीस दिवसांचा शिक्का मारलाय, तोवर आईचं सगळं तुझ्याकडे. मुदत वाढवायची तर सात नंबरच्या खिडकीवर अर्ज मिळतो. नंतरचं तुम्ही तिघांनी मिळून ठरवा. तशीही तुम्हाला सवय आहे."