चाखल्यावरचं वाटणं

नातवाची नॉर्वेजियन बायको इन्ग्रिड काल पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला बसली. भरली वांगी बघून ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली; नातवानं सांगितलं, "छान वाटतात म्हणते." घास खाल्ल्यावर पुन्हा तेच, पण शब्द वेगळा!

नातू म्हणाला, "आजी, इंग्रजीत दोन्हीकडे 'थिंक'च. हिच्या भाषेत न चाखता वाटलं तर 'त्रू', चाखून वाटलं तर 'सीनेस'."

अगं बाई, काय सोय आहे! विसाव्या वर्षी मी सासूबाईंचा नुसता फोटो बघून 'खाष्ट वाटतात' म्हणाले होते. मोठी शहाणी! जन्मभर त्रूच करत सुटले की.

मग धीर करून विचारलं, "आणि मी कशी वाटते गं तुला?"

नातवानं तिला प्रश्न समजावल्यावर ती लाजून काहीतरी पुटपुटली. नातू हसला, "छान म्हणते. पण 'त्रू' लावून!"

"मग तुमचं परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकल मेल्या!"